पत्ता चुकलाय

विडी घरकुलात, दुपारी अडीचला,
पत्र्यानं ऊन धरून ठेवलेलं.
येमूलांच्या सूनबाई जिन्यातूनच सांगू लागल्या,
"खालचा कॉम्प्युटर वरून दिसत नाही, इर्शादभाई."
आधी दिसायचा का?
"दिसत असावा. ते सगळं श्रीकर बघायचा."
श्रीकर आता हैदराबादला.

खाली चार माग, त्यातले दोन बंद.
कोपऱ्यात चादर पांघरून बसलेलं जुनं मशीन,
कीबोर्डच्या फटीफटीत सुताची भुस,
पोटात बावीस वर्षांच्या टॉवेलांच्या नक्ष्या.
वर लॅपटॉप, आणि त्यावर सूनबाईंचं दुकान.
बंगळुरूच्या कुठल्याशा हॉटेलाला
मोराची जुनी किनार हवी होती, आजच्या आज.

"पेन ड्राइव्हनं न्या की वर."
"तोंड मोडलंय त्याचं."
कुणाचं?
"मशीनचं हो."

मी सवयीनं वायरीपासून सुरुवात केली.
हिरवा दिवा लुकलुकत होता, खटका नीट बसत होता.
वर जाऊन हाक मारली,
चारही वेळा खालून ओ आली.
तरी यादीत नाव नाही.
यादीत होता तो प्रिंटर,
दोन वर्षांमागं भंगारवाल्याला किलोवर दिलेला.

नरसप्पा येमूल मागाचा आवाज बंद करून
ऐकत होते. म्हणाले,
"उंदी, कनपडदु."
आहे, पण दिसत नाही.
एवढं तेलुगू सोलापुरात कुणालाही येतं.
मग मलाच विचारलं, "दोरा तुटलाय का?"
दोरा धड आहे, म्हटलं.
"मग पत्ता चुकलाय."

जॅकार्डचे पत्ते म्हणत होते ते.
पुठ्ठ्यात एक भोक इकडचं तिकडं झालं
की मोराची मान वाकडी.
मी मात्र दुसरेच पत्ते बघायला धावलो:
खालच्या आकड्यात तिसऱ्या टिंबाआधी एक,
वरच्यात शून्य.
वर रेंज येत नाही म्हणून श्रीकरनं
जिन्यात आणखी एक डबी लावलेली,
आणि ती डबी, कुणी न सांगता,
वरच्या मजल्याला आपले वेगळे नंबर वाटत बसलेली.
एका घरात दोन घरं,
भांडण नाही, वाटणी नाही, कुणाला पत्ता नाही.

डबीचं वाटप बंद केलं.
निळ्या भोकातली वायर पिवळ्यात घातली.
तरी नाही.
लॅपटॉप उघडून आत आत गेलो, तर
त्यानं या घराला एसटी स्टँड समजलेलं.
सार्वजनिक जागा. कुणाला ओळख द्यायची नाही.
सूनबाई जरा ओशाळल्या.
"पहिल्या दिवशी विचारलं होतं त्यानं,
हे घर तुमचं का म्हणून.
मी नुकतीच आले होते. काय सांगणार?"

मी काही बोललो नाही.
खाजगी वर टिचकी मारली.

यादी हलली.
एक नाव वर आलं, मागोमाग कुलूप.
पासवर्ड?
"पडद्यामागं," नरसप्पा खालून ओरडले.
मॉनिटरच्या पाठीवर खडूनं, तेलुगूत,
इंग्रजी अक्षरं लिहून ठेवलेली.
सूनबाई खालून एकेक वाचत गेल्या,
मी वर एकेक दाबत गेलो.
दोनदा चुकलं. बी की पी, यावरून.

मग मोर आला,
चौकोनाचौकोनानं, पायापासून.
नरसप्पा गुडघ्यावर हात टेकत जिना चढले,
चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं.
"डोळ्यात एक टाका जास्त आहे,"
म्हणाले. "तेव्हापासून आहे."
सूनबाई म्हणाल्या, काढू?
उत्तर आलं नाही.
त्यांचं बोट प्रिंटरच्या नावावर गेलेलं.
"लेदु," ते हसले, "कनपडतदी."

साडेतीनशे झाले. तीनशे दिले, वर एक टॉवेल,
काठाला वीण चुकलेला, विकता न येणारा.
गाडीचं सीट तापलं होतं.
तोच घातला, बसलो.